रत्नागिरी की कुडाळ? छोटं ऑफिस थाटणाऱ्यासाठी

पुण्या-मुंबईचं काम गाठोड्यात बांधून कोकणात यायचं ठरवलेलं कुणी ना कुणी दर दोन महिन्यांनी मला हाच प्रश्न विचारतं. मी दोन्हीकडे भाडं भरलंय. रत्नागिरीत मारुती मंदिराजवळ दोन वर्षं काढली, कुडाळात आता तिसरं चालू आहे. काम अमेरिकेतल्या दवाखान्यांच्या बिलिंगचं, माणसं नऊ. तुमचा धंदा वेगळा असेल तर माझं म्हणणं त्या मानानं कमी-जास्त करून घ्या.

(यादीत चिपळूणही होतं. पण २२ जुलै २०२१ च्या पुराची रेघ बाजारपेठेतल्या भिंतींवर बघितली आणि एजंटाला न भेटताच परत फिरलो. उंचावर चांगल्या जागा आहेत म्हणतात. असतील.)

माणसं मिळण्यात रत्नागिरी सरळ पुढे आहे, यात वादच नाही. गोगटे-जोगळेकरची कॉमर्सची मुलं, फिनोलेक्स अकॅडमीचे इंजिनिअर, वर शासकीय तंत्रनिकेतन. जाहिरात दिली की आठवड्यात वीसेक अर्ज यायचे. कुडाळात पहिल्या खेपेला सहा आले. इथला मुलगा पदवी हातात पडली की गोव्याची वाट धरतो. पण एक गंमत आहे. गोव्यात दोन-तीन वर्षं खोलीभाड्यात पगार घालवलेली काही मुलं परत येतात, आणि आली की टिकतात. माझ्या नऊपैकी चार तशीच आहेत. रत्नागिरीत मी शिकवून तयार केलेले पाच जण दीड वर्षात हिंजवडीला गेले. त्यांचंही चुकलं नाही. तिथे एक नोकरी सुटली तर रस्त्यापलीकडे दुसरी असते. कंपन्या कंपन्यांच्या शेजारी का जाऊन बसतात, याचं निम्मं उत्तर त्यातच आहे.

विमानतळाचा मुद्दा लोक फार ताणतात. चिपी ऑक्टोबर २०२१ पासून आहे, मोपा जानेवारी २०२३ पासून, आणि दोन्ही कुडाळलाच सोयीचे. मात्र आमचा ग्राहक इतक्या वर्षांत एकदाही आलेला नाही, येईलसं वाटतही नाही. तेव्हा हा गुण मी धरत नाही.

रात्रपाळीचं मात्र बघा. उन्हाळी वेळापत्रकात न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. काम सुटतं तेव्हा एसटी केव्हाच डेपोत झोपलेली असते. मुलींना घरापर्यंत गाडी द्यावीच लागते, दोन्हीकडे. कुडाळात पिंगुळी, नेरूर, झाराप एवढ्यातच माझा फेरा आटपतो.

आता ज्या गोष्टीनं माझा निकाल लागला ती.

रत्नागिरीत मी दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या फायबर लाइनी घेतल्या होत्या. एक गेली तर दुसरी, साधा हिशोब. पण पावसाळ्यात दोन्ही एकदमच जायच्या. दोन्ही राउटरवर लाल दिवा, तोही एकाच मिनिटाला. आधी मी घरचाच दोष धरला. अर्थिंग तपासलं, यूपीएस बदलला, वायरमनला तीनदा बोलावलं. जुलैतल्या एका संध्याकाळी दवाखान्यांची सगळी बिलं अडकली आणि तक्रारीच्या नंबरवर ‘हायवेच्या बाजूला कट आहे’ एवढंच उत्तर मिळालं. रेनकोट चढवला आणि बाइक हातखंब्याच्या दिशेनं काढली.

कुवारबावच्या थोडं पुढे जेसीबी उभा होता. कडेला चार बांबूंवर निळी ताडपत्री, खाली दोन मुलं. हातात केसाएवढ्या बारीक तारा, प्रत्येकीवर वेगळ्या रंगाचं आवरण. ते सोलायचं, स्पिरिटनं पुसायचं, दोन टोकं मशिनमध्ये ठेवायची. स्क्रीनवर ती सरकत सरकत एकमेकांना चिकटताना दिसतात. वाऱ्यानं ताडपत्री उडत होती म्हणून मी छत्री धरून उभा राहिलो. वीस पावलांवर दुसरी व्हॅन दिसली. माझ्याच दुसऱ्या कंपनीची. विचारलं तर मान वर न करता तो मुलगा म्हणाला, ‘‘कंपन्या दोन, चर एकच.’’

दीड वर्ष मी एकाच चराची दोन बिलं भरत होतो.

रात्री नकाशा उघडून बसलो. समोर एवढा समुद्र, पण परदेशातून येणाऱ्या केबली लागतात मुंबईला, वर्सोव्याला. तिथून आपल्यापर्यंत सगळं जमिनीवरून, बरंचसं रस्त्याच्या कडेनं. आणि रत्नागिरी शहर हायवेवर नाही, हातखंब्याहून आत वळावं लागतं. तेवढा पट्टा खणला की आमची शेपटी तुटली. कुडाळ हायवेला लागूनच आहे, त्यामुळे तिथे एक लाइन कणकवलीकडून घेता आली, दुसरी सावंतवाडीकडून. भाडेकरार करायच्या आधी मी दोन्ही कंपन्यांना आधी हेच विचारलं, दर नंतर. हे तिसरं वर्ष. एकेक लाइन कितीदा गेली याची गणती नाही, दोन्ही एकदम एकदाच गेल्या, आणि तेव्हा आमच्याच इन्व्हर्टरची बॅटरी बसली होती. लाइट जाण्यात दोन्ही गावं सारखीच, म्हणून त्याचा हिशोब वेगळा मांडत नाही.

हा माझा अनुभव, तोही एका कोपऱ्यातला. रत्नागिरीत तुमच्या जागेला दुसऱ्या बाजूनं लाइन येत असेल तर उलटही ठरेल, माणसं तिथे जास्त आहेतच. मात्र एजंटाच्या शब्दावर जाऊ नका. लाइन कुठल्या रस्त्यानं येते ते विचारा आणि तो रस्ता एकदा पावसात बाइकवरून बघून या. मारुती मंदिरची माझी जुनी जागा, ऐकतो, पुन्हा रिकामी झालीय. मालक सज्जन आहेत, जिन्यात ओल येते तेवढी सोडली तर जागाही चांगली.