सीबीएमसी ६: संत्र्याच्या वावरातल्या ऑटोसाठी वापरून पाहिलेलं

वरुडजवळच्या आमच्या गावात भावाचं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. तो स्टार्टरची पॅनेल बांधतो आणि त्यात बसणाऱ्या ऑटोचा, म्हणजे मोटर आपोआप चालू-बंद करणाऱ्या भागाचा, प्रोग्राम मी लिहिते. लाइन आली की मोटर चालू, ठरवलेली मिनिटं भरली की बंद, विहिरीचं पाणी तुटलं की बंद, मोबाइलवरून मेसेज टाकला तरी बंद. काम एवढंच, पण ते चुकलं तर कुणाची मोटर जळते आणि कुणाचं ओलित राहून जातं. दुकानात मी लिहिलेलं तपासणारं दुसरं कुणी नाही. म्हणून मी सीबीएमसीकडे वळले, म्हणजे सी भाषेतल्या प्रोग्राममधल्या चुका शोधणाऱ्या साधनाकडे. आवृत्ती ५ च्या मालिकेपासून ते वापरते आहे. ६ वर आल्यावर जे बदललं ते माझ्यासारख्या एकट्याने काम करणाऱ्यांना कळायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

हे साधन सी भाषेतला प्रोग्राम चालवत नाही. प्रोग्राम आणि आपला प्रश्न मिळून ते एक भलंमोठं तार्किक सूत्र बनवतं आणि सॅट सॉल्व्हरला, म्हणजे असं सूत्र खरं ठरवणारे आकडे शोधणाऱ्या प्रोग्रामला, विचारतं: असा एखादा आकडा आहे का, की जो दिला तर हे मोडेल? सापडला तर तो आकडा आणि तिथवरची प्रत्येक पायरी दाखवतं. लूप, म्हणजे परत परत चालणारा भाग, मात्र ते ठरावीक फेऱ्यांपर्यंतच उलगडतं. या पद्धतीची मूळ कल्पना १९९९ची. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या डॅनियल क्रोनिंग, एडमंड क्लार्क आणि फ्लाव्हिओ लेर्दा यांनी सीबीएमसीवरचा निबंध २००४ मध्ये मांडला. क्लार्क यांना मॉडेल चेकिंगच्या कामासाठी २००७चा ट्युरिंग पुरस्कार इतर दोघांसोबत मिळाला. हत्यार जुनं आहे, घासूनपुसून तयार झालेलं आहे आणि फुकट आहे.

आता माझा अनुभव. २०२३च्या जानेवारीत आंबिया बहाराचा ताण (फुलोरा यावा म्हणून बागेचं पाणी मुद्दाम बंद ठेवणं) तोडायचं पाणी सुरू होतं. ताणानंतरचं पहिलं पाणी म्हणजे झाडाचं वर्षभराचं गणित. आमच्या फीडरवर तेव्हा काही दिवस दिवसा ८ तास लाइन असायची, काही दिवस रात्री १० तास. शेजारच्या काकांनी रात्रपाळीसाठी ऑटोवर ६०० मिनिटं लावली आणि घरी जाऊन झोपले. सकाळी वावरात गेले तर आळी कोरडी. थेट दुकानात आले. "लाइन रातभर होती, अन् पाणी काऊन नाई आलं वं पोरी?"

रागावले नव्हते, खरंच विचारत होते. माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण टायमरचा तो भाग मी सीबीएमसीवरून काढला होता आणि शेवटी 'व्हेरिफिकेशन सक्सेसफुल' असं स्वच्छ आलं होतं.

उत्तर सापडायला दोन दिवस लागले. मिनिटांना ६० ने गुणून सेकंद काढत होते आणि ते 'इंट' या पूर्णांकाच्या प्रकारात ठेवत होते. आमच्या पॅनेलमध्ये एटीमेगा ३२८ची चिप आहे, तिच्यावर इंट १६ बिटांचा. त्यात ३२,७६७ च्या वर आकडा मावत नाही. ४८० मिनिटांचे २८,८०० सेकंद होतात, ते बसतात. ६०० मिनिटांचे ३६,०००, ते उलटून उणे २९,५३६ झाले. मोटर सुरू होताच प्रोग्रामला वाटलं, वेळ कधीच संपली. ५४६ मिनिटांपर्यंत सगळं बरोबर चालायचं, ५४७ला उलटायचं. दुकानात आम्ही ५ मिनिटं, तास, ८ तास लावून पाहिलं होतं. १० तास कधीच लावले नव्हते.

मग सीबीएमसीने हे का दाखवलं नाही? मी विचारलं नव्हतं म्हणून. ५ च्या मालिकेत ॲरेची (ओळीने ठेवलेल्या कप्प्यांची) हद्द, पॉइंटर (मेमरीतले पत्ते), शून्याने भागाकार, चिन्हासहित आकड्याचा ओव्हरफ्लो (न मावता उलटणं), यातली प्रत्येक तपासणी वेगळा पर्याय देऊन चालू करावी लागायची. काहीच दिलं नाही तर ते फक्त आपण स्वतः लिहिलेले असर्ट, म्हणजे 'हे खरंच असलं पाहिजे' अशा अटी, पाहायचं. माझा असर्ट होता, 'वेळ संपल्यावर मोटर बंद असली पाहिजे'. उलटलेल्या आकड्यावरही तो खराच होता. त्यामुळे 'सक्सेसफुल' हा शब्द खोटा नव्हता. तो माझ्या प्रश्नाएवढाच होता आणि मी तो अख्ख्या प्रोग्रामवर पांघरला.

काकांना सगळं कागदावर मांडून सांगितलं. भावाने त्यांचं पॅनेल त्याच दिवशी बदलून दिलं.

२०२४ मध्ये आवृत्ती ६ आली आणि नेमकी हीच गोष्ट तिने फिरवली. वर सांगितलेल्या तपासण्या आता न सांगता चालू असतात, नको असतील तर बंद करायला सांगावं लागतं. मेमरी मागितली आणि मिळालीच नाही, ही शक्यताही ती आता आपणहून धरते. वाचताना बदल किरकोळ वाटतो. पण मोठ्या कंपनीत कुणीतरी स्क्रिप्टमध्ये सगळे पर्याय एकदा बरोबर लावून ठेवतो आणि बाकीचे निर्धास्त असतात. गावात एकटीने काम करताना तो कुणीतरी नसतो. माझ्या मते एवढ्या वर्षांत या साधनात झालेली ही सगळ्यात मोठी सुधारणा आहे.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो लूपच्या तपासणीचा. मेसेज वाचणारा भाग ६४ अक्षरांच्या ॲरेत ओळीच्या शेवटापर्यंत एकेक अक्षर भरायचा. जास्त फेऱ्या दिल्या की माझा ८ जीबीचा लॅपटॉप अडकायचा, म्हणून मी उलगडण्याची मर्यादा २० ठेवली होती. जुन्या आवृत्तीत मर्यादेपलीकडच्या फेऱ्या 'होतच नाहीत' असं गृहीत धरून ती पुढे जायची. २० फेऱ्यांत ६४ची हद्द ओलांडली जाणार कशी? निकाल सक्सेसफुल. त्याच फाइलवर ६ चालवली आणि पहिल्याच वेळी तिने सांगितलं की हा लूप २० च्या पुढे जाऊ शकतो, इथे मी खात्री देत नाही. मर्यादा ७० केली आणि हद्द ओलांडल्याची जागाच समोर आली. मराठी मेसेज आमच्या जीएसएम मॉड्यूलमधून एकेका अक्षराला चार चिन्हं असा बाहेर पडतो. ७० अक्षरांचा एक मेसेज म्हणजे २८० चिन्हं. सिमवर जाहिरातीचे मराठी मेसेज तर रोज येतात. वावरात उभं असलेलं पॅनेल मध्येच बंद पडून परत सुरू होतं, ही तक्रार दोन जणांकडून आली होती आणि आम्ही दोन्ही वेळा दोष रिलेचा समजून तो बदलला होता.

दुरुस्ती सोपी होती, लूपला ६३ वर थांबवलं. त्यामुळे तपासणीही हलकी झाली, ६५ फेऱ्यांत सगळं संपतं.

उणिवा आहेत आणि त्या माहीत असलेल्या बऱ्या. पहिली माझ्याच जखमेवरची: चिपवर इंट किती बिटांचा, हे ६ लाही कळत नाही. आपण ज्या संगणकावर बसलोय त्याचंच माप ती धरते. १६ बिटांचा पर्याय दिल्याशिवाय काकांच्या पॅनेलमधली ती चूक ६ च्याही नजरेतून निसटली असती, हे मी जुनी फाइल काढून तपासलं. दुसरी, चिन्हाविना आकड्यांचा ओव्हरफ्लो आपणहून तपासला जात नाही, कारण सी भाषेत तो नियमात बसतो. पण मिलिसेकंद मोजणारा ३२ बिटांचा आकडा साधारण ४९.७ दिवसांनी शून्यावर येतो आणि आमची पॅनेल हंगामभर बंद होत नाहीत. तो पर्याय मी वेगळा देते. तिसरी, सी++ तिला नीट झेपत नाही. म्हणून निर्णयाचं सगळं गणित मी साध्या सीच्या फाइलींत ठेवते आणि आर्डुइनोचा, म्हणजे चिपशी थेट बोलणारा, भाग बाहेर.

५ च्या मालिकेलाही नावं ठेवायची नाहीत. फंक्शनला करार लिहायची सोय तिथेच वाढली: आत येताना काय खरं असावं, बाहेर पडताना काय खरं राहील. एकेक भाग सुटा तपासता येतो आणि दुपारी लाइन जायच्या आत काम आटोपतं. फ्रीआरटीओएस या छोट्या चिपसाठीच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कोडसोबत सीबीएमसीच्या तपासण्या ठेवलेल्या आहेत, त्या वाचून मी करार लिहायला शिकले. पुण्यातल्या टीसीएस रिसर्चचं व्हेरिअॅब्स हे साधनही आत सीबीएमसी वापरतं. आपल्याकडे यातली जाण असलेली माणसं आहेत, पण मराठीत यावर वाचायला फारसं सापडत नाही, म्हणून एवढं सविस्तर लिहिलं.

घेणार असाल तर एक काळजी घ्या. माझ्या उबुंटूच्या भांडारातून ५ चीच आवृत्ती येत होती, ६ प्रकल्पाच्या गिटहबच्या पानावरून उतरवावी लागली. आधी आवृत्तीचा आकडा बघा. तो ५ ने सुरू होत असेल आणि निकाल सक्सेसफुल असेल, तर कुठले पर्याय दिले होते ते पुन्हा वाचा. ६ वर गेल्यावर जुन्या फाइली लाल होतील, म्हणजे त्यांत चुका दिसतील. माझ्या नऊपैकी सहा झाल्या, आणि त्यातली एकही विनाकारण नव्हती.