जेपीएलची परग्रहांची पोस्टरं: कोणती छापावीत, कशावर छापावीत

नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीनं, म्हणजे जेपीएलनं, २०१६ साली 'व्हिजन्स ऑफ द फ्युचर' या नावानं चौदा पोस्टरं फुकट डाउनलोडला ठेवली. दूरच्या ग्रहांवर आणि चंद्रांवर सहली सुरू झाल्या आहेत अशी कल्पना करून, जुन्या रेल्वे-पर्यटनाच्या जाहिरातींच्या ढंगात काढलेली ही चित्रं. पुढं त्याच धाटणीत ट्रॅपिस्ट-१ई, ५५ कॅन्क्री ई वगैरे ग्रहांची भर पडली. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या मराठी शाळांच्या आणि वाचनालयांच्या भिंतींसाठी याहून चांगलं काही विकतही मिळत नाही. चित्रांना पैकीच्या पैकी गुण. मात्र सगळी सरसकट छापू नयेत, आणि छापताना इथं नेमकं काय बिघडतं ते आधी माहीत असावं.

सौरमालेबाहेरच्या एकाही ग्रहाचा पृष्ठभाग कुणी पाहिलेला नाही. नासाच्या केप्लर या अवकाश दुर्बिणीनं पाहिलं ते एवढंच, की तारा ठराविक दिवसांनी किंचित मंद होतो. ट्रॅपिस्ट-१ई आपल्या ताऱ्यासमोरून जातो तेव्हा प्रकाश जेमतेम अर्ध्या टक्क्यानं घटतो. किती घटला यावरून ग्रहाचा आकार निघतो, किती दिवसांनी घटला यावरून त्याचं वर्ष, आणि तारा किती तापलेला आहे यावरून तिथल्या उष्णतेचा अंदाज. पोस्टरमधलं बाकी सगळं चित्रकाराचं. म्हणून पोस्टर निवडताना एकच कसोटी लावावी: चित्रातली मुख्य गोष्ट मोजमापातून आलेली आहे का?

या कसोटीवर ट्रॅपिस्ट-१ई अव्वल ठरतं. सुमारे ४० प्रकाशवर्षांवरच्या या ताऱ्याभोवती सात ग्रह असल्याचं फेब्रुवारी २०१७ मध्ये जाहीर झालं. आपला बुध सूर्यापासून जितका दूर आहे, त्याच्या कितीतरी आत हे सातही ग्रह फिरतात. त्यामुळं एकावरून पाहिलं तर शेजारचे ग्रह आकाशात आपल्या चंद्राएवढे, कधी त्याहून मोठेही दिसतील. पोस्टरमधलं गोलांनी भरलेलं आकाश या हिशेबातूनच आलं आहे. रंगाबद्दल मात्र मुलांना एक सांगून ठेवावं. 'लाल बटू' तारा म्हटलं की टोमॅटोसारखा लाल प्रकाश डोळ्यापुढं येतो. पण या ताऱ्याचं तापमान अडीच हजार केल्विनच्या आसपास आहे, म्हणजे त्याचा उजेड जुन्या पिवळ्या बल्बच्या जवळ जाणारा.

केप्लर-१८६एफ, लाल गवताचं पोस्टर, दिसायला सगळ्यांत देखणं. २०१४ साली सापडलेला हा ग्रह पृथ्वीपेक्षा थोडासाच मोठा, आणि त्याचं वर्ष १३० दिवसांचं. ताऱ्याच्या वसतियोग्य पट्ट्यात, म्हणजे पाणी द्रव राहू शकेल एवढ्या अंतरावर, सापडलेला पृथ्वीच्या आकाराचा हा पहिलाच ग्रह. एवढं मोजलेलं. लाल गवत हा तर्क: तारा तांबूस, म्हणून झाडांचं रंगद्रव्य वेगळं असेल. तर्क चुकीचा नाही, पण तिथं हवा आहे की नाही हेच अजून कळलेलं नाही. छापा, पण खाली तशी ओळ घाला.

केप्लर-१६बी च्या पोस्टरवर दोन सूर्य आणि माणसाच्या दोन सावल्या आहेत. दोन तारे खरे, २०११ साली हा ग्रह सापडल्याचंही खरं. पण ग्रह आकारानं साधारण शनीएवढा, म्हणजे वायुग्रहाच्या जातीचा. उभं राहायला जमीनच नसावी. जेपीएलनंही तो वायुग्रह असू शकतो असं सोबतच्या मजकुरात नमूद केलंय. शिवाय दुसरा तारा पहिल्यापेक्षा खूपच मंद आहे, त्यामुळं दुसरी सावली असलीच तर अगदी फिकी पडेल. विज्ञान शिक्षकाला यावर अख्खा तास घेता येईल: दोन बॅटऱ्या, एकीवर पातळ कागदाच्या चार-पाच घड्या, मध्ये पेन्सिल उभी करायची. दुसरी सावली जवळजवळ नाहीशी होते.

एचडी ४०३०७जी मात्र सोडून द्यावं. २०१२ साली हा ग्रह जाहीर झाला, पण नंतरच्या विश्लेषणात तो खरोखर आहे का यावरच शंका आली. पैसे मोजून भिंतीवर लावण्यात अर्थ नाही.

आपल्याकडं दुर्लक्षित राहतं ते ५१ पेगासी बी या ग्रहाचं पोस्टर, आणि खरं तर पहिला मान त्याचाच. सूर्यासारख्या ताऱ्याभोवती सापडलेला हा पहिला ग्रह. १९९५ साली मिशेल मेयर आणि दिदिए केलो यांनी शोधला, २०१९ साली त्यासाठी दोघांना नोबेल मिळालं. त्याचं वर्ष चार दिवसांहून थोडं अधिक. त्याचा तारा, ५१ पेगासी, इथून दाखवता येतो. पूर्वा भाद्रपदाचे दोन तारे म्हणजे आकाशातल्या चार ठळक ताऱ्यांच्या महाचौकोनाची एक बाजू. त्या दोघांच्या साधारण मध्यावर, चौकोनाच्या किंचित बाहेर ५१ पेगासी आहे. प्रत (ताऱ्याच्या तेजाचा अंक; जितका मोठा तितका तारा मंद) साडेपाच. बेळगाव शहरातल्या उजेडात नुसत्या डोळ्यांनी दिसणार नाही, पण खानापूरच्या पुढं जंगलाकडच्या गावांत कार्तिक-मार्गशीर्षातल्या निरभ्र संध्याकाळी साध्या ७ x ५० द्विनेत्रीतून सहज सापडतो. मुलांना आधी तारा दाखवावा आणि दुसऱ्या दिवशी पोस्टर. चित्राची किंमत लगेच कळते.

सौरमालेतल्या चंद्रांचं गणित वेगळं, कारण तिथं यानं जाऊन आली आहेत. शनीच्या टायटन या चंद्रावर १४ जानेवारी २००५ रोजी हायगेन्स हे यान उतरलं आणि नारिंगी धुरकटात गोल झालेले गोटे दिसले. तापमान उणे १७९ अंशांच्या आसपास, हवेचा दाब पृथ्वीच्या दीडपट, आणि सरोवरं मिथेन-इथेनची. पोस्टरवर क्राकेन या समुद्राच्या अरुंद गळ्यातून भरती-ओहोटीवर नौका न्यायची कल्पना आहे, आणि अशी सामुद्रधुनी तिथं खरंच आहे. इथं अवकाशाची चित्रं काढणाऱ्या चेस्ली बोनस्टेलच्या १९४४ सालच्या चित्राची आठवण होते: टायटनवरून दिसणारा शनी, स्वच्छ निळं आकाश, बर्फाळ कडे. त्या काळच्या माहितीत ते उत्तम होतं. आता कळतं की टायटनच्या धुक्यातून साध्या डोळ्यांना शनी दिसणारच नाही. दोन्ही चित्रं शेजारी लावली, तर माहिती वाढली की चित्र कसं बदलतं ते न सांगता कळतं. शनीच्याच एन्सेलाडस या चंद्राचं पोस्टरही निःशंक घ्यावं. त्याच्या दक्षिण ध्रुवावरचे फवारे कॅसिनी यानानं २००५ साली टिपलेले आहेत.

आता छपाई. मूळ पोस्टर २० x ३० इंचाचं, म्हणजे प्रमाण दोनास तीन. ए३ कागदाचं प्रमाण हे नाही. दुकानदारानं 'पेज भरून' छापलं की लांबीतून सुमारे एक इंच जातो आणि तळाची नावाची ओळ कापली जाते. 'फिट' केलं तर दोन्ही बाजूंना पांढऱ्या पट्ट्या राहतात. उपाय सोपा आहे. डिजिटल प्रिंटवाल्यांकडं १३ x १९ चा कागद असतोच. त्यावर १२ x १८ छापून कडा कापून घ्यायच्या. प्रमाण बरोबर दोनास तीन, काहीच जात नाही. कागद ३०० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे चौरस मीटरमागं ग्रॅम) मॅट, म्हणजे न चमकणारा, आर्ट कार्ड. ग्लॉसी घेतला तर वर्गातल्या ट्यूबलाइटचा पट्टा नेमका काळ्या आकाशावर चमकतो.

मोठं हवं असेल तर २० x ३० म्हणजे ४.१७ चौरस फूट. भाव चौरस फुटावर असतो, पण रोलच्या रुंदीप्रमाणं वाया जाणारा भागही मोजतात का ते आधी विचारावं. फ्लेक्स टाळावा. मंडळाच्या देखाव्याला दहा फुटांवरून चालतो. वाचनालयात हातभर अंतरावरून ठिपके दिसतात, आणि वासही दिवसचे दिवस जात नाही. इको-सॉल्व्हंट शाईच्या मशीनवर छापलेला व्हिनाइल (प्लास्टिकचा पातळ पत्रा), वर मॅट लॅमिनेशन, मागं ५ मिमी सनबोर्ड (फोमचा हलका, ताठ बोर्ड), हे टिकतं. ३ मिमी घेतला तर एप्रिल-मेच्या उन्हात बोर्डाला बाक येतो.

या चित्रांत सपाट काळे आणि गडद निळे भाग मोठे आहेत, म्हणून मशीनचा दोष लपत नाही. हेडची एखादी नळी तुंबली की आकाशात आडव्या बारीक रेघा उमटतात. पूर्ण छपाईआधी सर्वांत गडद भागाची चार इंचाची पट्टी काढून घ्यावी. नारिंगी रंग स्क्रीनपेक्षा मळकट येतो. तो छपाईच्या शाईचा स्वभाव, त्यावरून वाद घालण्यात अर्थ नाही.

फाइल व्हॉट्सॲपवर साध्या फोटोसारखी पाठवू नये. लांब बाजू सोळाशे पिक्सेलवर आली तर ३० इंचाला इंचामागं जेमतेम ५३ ठिपके उरतात. चांगल्या छपाईला ३०० लागतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा पेनड्राइव्ह न्या.

संचातली खरी उणीव म्हणजे मजकूर इंग्रजी. चौथी-पाचवीच्या मराठी माध्यमातल्या पोराला त्यातलं काही उमगत नाही. चित्राला हात न लावता खाली तीन इंचाची वेगळी पट्टी लावावी: डावीकडं 'मोजलेलं', उजवीकडं 'कल्पिलेलं', शाळेत कन्नड वर्गही असतील तर दोन्ही भाषांत. इथंच सगळ्यात जास्त घोळ होतो. बऱ्याच दुकानांत मांडणीला जुनं कोरलड्रॉ असतं, टायपिंगला मराठीसाठी श्रीलिपी आणि कन्नडसाठी नुडी ही सॉफ्टवेअर. तुमचा युनिकोड (मोबाइलवर टाइप होतो तसा) मजकूर त्यात चिकटवला की वेलांट्या अक्षराच्या पुढं जातात आणि जोडाक्षरं फुटतात, 'पृष्ठभाग' हमखास. मजकूर घरीच टाइप करून पीडीएफ करून न्यावा आणि दुकानात तो कर्व्ह करून (अक्षरांचं चित्रात रूपांतर करून) घ्यायला सांगावं. छापण्याआधी स्क्रीनवर शब्द न् शब्द वाचावा, कारण ऑपरेटरला दोन्ही लिप्या येतातच असं नाही.

लावताना चुन्याच्या भिंतीवर दुहेरी टेप धरत नाही. आषाढात ओल आली की रंगासकट सुटते. खानापूर तालुक्यात तर भिंतीला टेकवूच नये. मागं अर्ध्या इंचाच्या दोन लाकडी पट्ट्या ठोकून हवा खेळती ठेवावी, नाहीतर बोर्डामागं बुरशी धरते आणि मजकुराच्या पट्टीच्या कागदाला कसर लागते. मजकुराच्या पट्टीच्या कोपऱ्यात 'सौजन्य: नासा/जेपीएल-कॅलटेक' एवढं लिहावं. शाळेत लावायला कुणाला पैसे द्यावे लागत नाहीत, पण नासाचं बोधचिन्ह मात्र मंडळाच्या किंवा देणगीदाराच्या नावाशेजारी छापू नये.