अनव्हेंटेड सिलिंडर बसवताय? आधी डिस्चार्ज पाइपचं विचारा

इंग्लंडमधल्या रेडिंगच्या आमच्या घरातली माळ्यावरची जुनी पाण्याची टाकी काढून २१० लिटरचा अनव्हेंटेड सिलिंडर, म्हणजे मेन्सच्या दाबावर चालणारी गरम पाण्याची बंद टाकी, बसवून घेतला. शॉवरला जोर छान आहे, दोन बाथरूममध्ये एकदम आंघोळी होतात. सिलिंडरबद्दल एवढंच. चांगल्या कंपन्यांमध्ये फार डावं-उजवं नसतं. फिटर किती पाण्यात आहे ते सेफ्टी व्हॉल्व्हचं पाणी तो कुठून आणि कसं बाहेर नेतो यावरून कळतं, म्हणून हा रिव्ह्यू त्या डिस्चार्ज पाइपचा.

आधी एक जण बघून गेला होता. म्हणाला, "बेसिनच्या वेस्ट पाइपला जोडून देतो, स्वस्तात होईल." त्याला तिथूनच नमस्कार केला. ही बंद टाकी आहे. आत दाब असल्यामुळे पाणी १०० अंशांवर उकळत नाही, ३ बारला तर १४० च्याही पुढे जाऊ शकतं. थर्मोस्टॅट बिघडला, त्यामागचा कटआउट (जास्त तापल्यावर हीटिंग बंद करणारा) तोही चालला नाही आणि टाकी फाटली, तर त्यातल्या काही पाण्याची क्षणात वाफ होते. तसं होऊ नये म्हणून टेम्परेचर रिलीफ व्हॉल्व्ह ९० अंशांच्या आसपास उघडतो. असं भाजणारं पाणी बेसिनच्या प्लास्टिक पाइपात सोडायचं? बेसिन, सिंक यांची जोडणी या पाइपला चालतच नाही, हे इंग्लंडच्या बांधकाम नियमांच्या मार्गदर्शिकेत, अप्रूव्हड डॉक्युमेंट जी मध्ये, स्पष्ट लिहिलेलं आहे.

ज्यांना काम दिलं ती दोघांची छोटी फर्म आहे, जी-थ्रीचं, म्हणजे अशा सिलिंडरच्या कामाचं, प्रशिक्षण घेतलेली. कोटेशन देण्याआधी त्यातल्या मोठ्या फिटरने सिलिंडरच्या कपाटापासून बाहेरच्या गलीपर्यंत (सांडपाण्याच्या जाळीच्या खड्ड्यापर्यंत) टेप लावून मार्ग मोजला आणि हिशेब माझ्यासमोर मांडला. सरळ पाइप साडेसहा मीटर, एल्बो (वळणाचे जोड) चार. २२ मिलिमीटरच्या पाइपला एकूण ९ मीटरची मर्यादा आणि प्रत्येक एल्बोमागे ०.८ मीटर वजा, म्हणजे हातात उरतात ५.८. पुरत नाही. मग २८ चा तांब्याचा पाइप घ्यायचा. त्याला १८ मीटरची मुभा, एल्बोमागे १ मीटर गेला तरी १४ उरतात. पाइपचा खर्च कोटेशनमध्ये वेगळा दाखवला होता. तो जास्त वाटला, पण कशाचा आहे ते समजलं होतं, त्यामुळे घासाघीस केली नाही.

काम देखणं झालंय. व्हॉल्व्हपासून टुंडिशपर्यंतचा (पडणारं पाणी दिसावं म्हणून मधे असलेलं उघडं नरसाळं) तुकडा धातूचा आणि ६०० मिलिमीटरच्या आत. टुंडिशखाली ३०० मिलिमीटर पाइप सरळ उभा, मगच पहिलं वळण. पुढे सलग उतार; तो नियमाप्रमाणे दोनशेला एक तरी लागतो आणि इथे लेव्हल लावून तपासला. बाहेर पाइपचं तोंड गलीच्या जाळीखाली, पण आतल्या पाण्याच्या वर. आमचा धाकटा तिथेच खेळतो, त्यामुळे मी वाकून बघितलंच. टुंडिश नवऱ्याला फळीआड झाकून हवा होता. फिटरने साफ नकार दिला: पाणी पडतंय की नाही हे घरातल्यांना दिसलं पाहिजे. मला हे फार आवडलं.

जाताना त्याने रिलीफ व्हॉल्व्ह फिरवून धरून ठेवला आणि मला टुंडिशसमोर उभं केलं. पाण्याची जाड धार खळखळत खाली गेली, कडेवरून एक थेंब उडाला नाही. त्याचा जोडीदार गलीपाशी उभा राहून बाहेर येणारं पाणी बघत होता.

तक्रारी दोन. बाहेरच्या भिंतीत भोक पाडलं तिथलं सिमेंट ओबडधोबड लावलंय. बिल्डिंग रेग्युलेशन्सचं सर्टिफिकेट मागे लागून मिळवावं लागलं. घर विकताना तो कागद लागतो, तेव्हा तुम्हीही सोडू नका. बेंचमार्कची चेकलिस्ट, म्हणजे बसवल्यावरच्या तपासणीची नोंद, मात्र त्याच दिवशी भरून दिली.

पाचपैकी साडेचार. वार्षिक सर्व्हिसही त्यांच्याकडेच देणार आहे. त्यात दोन्ही रिलीफ व्हॉल्व्ह (तापमानाचा आणि दाबाचा) आणि एक्स्पान्शन व्हेसल, म्हणजे फुगणाऱ्या पाण्याला जागा देणारी छोटी टाकी, तिच्यातली हवा तपासतात. ती हवा कमी झाली की तापून फुगलेल्या पाण्याला जागा उरत नाही आणि टुंडिशमध्ये ठिबक सुरू होते. तशी ठिबक दिसली तर व्हॉल्व्हला बूच मारू नका, जी-थ्रीवाल्याला बोलवा.