७४ ची कॉर्व्हेट, मागचं सस्पेन्शन पूर्ण उघडून परत बांधून घेतलं: वर्कशॉपचा अनुभव

जरा मोठं लिहितोय, कारण हे काम द्यायच्या आधी मी स्वतः खूप शोधलं आणि मराठीत एक ओळ सापडली नाही. ६३ ते ८२ मधली कुठलीही कॉर्व्हेट (जनरल मोटर्स म्हणजे जीएमची अमेरिकन स्पोर्ट्स कार) असेल तर हे सगळं तुम्हाला लागू आहे, मागची मांडणी त्या वीस वर्षांत मुळात तीच राहिली.

माझी १९७४ ची आहे, ३५० इंजिन, चार गिअर मॅन्युअल, मागचा बंपर दोन तुकड्यांचा आणि मधे उभी शिवण, तसला बंपर फक्त त्याच एका वर्षी आला. सेंट लुईसला बनलेली आणि पुढचं बरंचसं आयुष्य मिशिगनमधेच काढलेली. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे वरून फायबरची बॉडी कितीही छान दिसली तरी खालची फ्रेम आणि बोल्ट काय अवस्थेत आहेत ते उघडल्याशिवाय कळत नाही.

त्रास काय होता तर आय-७५ हायवेवर लेन बदलली की पुढची बाजू लगेच वळायची आणि मागची बाजू क्षणभर थांबून मग स्वतःची एक वेगळी हालचाल करायची. अॅक्सिलरेटर सोडला की शेपूट एका बाजूला, परत दाबला की दुसऱ्या बाजूला. टायर आतल्या कडेने खाल्लेले. मी एका मोठ्या चेनच्या दुकानात अलाइनमेंट करून घेतली, त्यांनी पुढचं केलं, मागे बघितलंच नाही आणि सांगितलं की मागे अॅडजस्ट करायला काही नसतं. हे साफ चूक आहे. मागे टो (वरून बघता चाकं पुढे आत किंवा बाहेर किती वळलेली) पण अॅडजस्ट होतो आणि कॅम्बर (चाक वरून आत किंवा बाहेर किती झुकलेलं) पण होतो, फक्त टो साठी शिम्स (पातळ पत्र्याच्या चकत्या) घालाव्या-काढाव्या लागतात आणि त्याला वेळ जातो.

खरा दोष बाबांनी पकडला. ते मे महिन्यात नाशिकहून आले होते, सगळी नोकरी एसटीच्या वर्कशॉपमधे झाली त्यांची. गाडी जॅकवर घेतली, त्यांनी मागचं चाक वर-खाली, म्हणजे घड्याळातल्या बारा आणि सहावर धरून हलवलं आणि म्हणाले, "अरे, प्ले आहे याला, बेअरिंग गेलंय, असा हायवेवर जाऊ नकोस." दुसऱ्या बाजूला पण तेच. त्या दिवसापासून गाडी गॅरेजमधून काढली नाही आणि वर्कशॉप शोधायला लागलो.

मिळालं ते डेट्रॉइटच्या उत्तरेला, दोन माणसांचं, फक्त जुन्या कॉर्व्हेट करतात. नाव टाकत नाही, हातात आधीच खूप काम आहे म्हणून त्यांनीच नको म्हटलंय. मला पहिल्याच दिवशी आवडलं ते हे की काहीही खोलायच्या आधी त्यांनी डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं घड्याळासारखं यंत्र) लावून मापं घेतली आणि मला शेजारी उभं करून दाखवली. बेअरिंगचा एंडप्ले, म्हणजे आत-बाहेरचा ढिलेपणा, जीएमच्या हिशोबाने १ ते ८ थाऊ पाहिजे (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, पिंपरी-चिंचवडला टर्निंगवर काम केलेल्यांना सांगायला नको), माझ्या डाव्या चाकाला २२ निघाला आणि उजव्याला १६. ते कागदावर लिहून त्यांनी माझ्या हातात दिलं.

हे इतकं महत्त्वाचं का ते सांगतो. या गाडीत मागच्या चाकाला वरून धरणारा वेगळा आर्म नाहीच. डिफरन्शिअलपासून (ताकद दोन्ही मागच्या चाकांना वाटणारा गिअरचा डबा) चाकापर्यंत जाणारा हाफ शाफ्टच वरच्या लिंकचं काम करतो, खालून एक स्ट्रट रॉड आणि पुढून ट्रेलिंग आर्म (चाकाला पुढे फ्रेमशी जोडणारी दांडी), बस्स. म्हणजे जो शाफ्ट ताकद पोचवतो तोच चाकाला सरळ उभं पण धरतो. त्यामुळे बेअरिंगमधला प्ले, चारही यू-जॉइंटमधला (शाफ्टच्या टोकांचे वाकणारे सांधे) प्ले, डिफरन्शिअलच्या आतल्या साइड योकची (शाफ्ट ज्याला जोडतात तो भाग) झीज, सगळं थेट चाकाच्या कोनात उतरतं. माझ्या योकची आतली टोकं झिजून आखूड झाली होती, शाफ्ट तेवढा आत सरकलेला, चाक वरून आत झुकलेलं, म्हणून टायरची आतली कड जात होती. योक न बदलता नुसतं अलाइनमेंट केलं असतं तर थोड्याच दिवसांत परत तिथेच आलो असतो. त्यांनी हे आधीच सांगितलं आणि डिफरन्शिअल खाली उतरवायचे जास्तीचे पैसे लागतील तेही आधीच सांगितलं, मी हो म्हटलं.

ट्रेलिंग आर्म काढणं हे सगळ्यात घाणेरडं काम. पुढच्या टोकाचा पिव्होट बोल्ट फ्रेमच्या खिशात असतो आणि पन्नास वर्षांचा गंज धरून बुशच्या (सांध्यातल्या रबरी तुकड्याच्या) नळीत अडकून बसतो. तो निघत नाहीच, शिम्सच्या फटीतून करवत घालून दोन्हीकडून कापावा लागतो, एका बाजूला त्यांचा अर्धा दिवस गेला. पण ते झाल्यावर खिशाच्या आत दिवा आणि लहान आरसा घालून फ्रेम सडलीय का ते बघितलं, डाव्या बाजूला पापुद्रे निघत होते, ते खरवडून ठोकून बघितलं, पत्रा शाबूत होता, मग आतून प्राइमर मारला. हे मी सांगितलं नव्हतं, त्यांनी केलं.

बेअरिंग बदलणं म्हणजे जुनं काढलं नवं ठोकलं असं नाही इथे. दोन टेपर रोलर बेअरिंग, मधे एक स्पेसर आणि एक शिम, त्या शिमच्या जाडीवर एंडप्ले ठरतो आणि स्पिंडलवर (चाक ज्याच्यासोबत फिरतं ते दांडकं) बेअरिंग प्रेसने घट्ट बसतं, त्यामुळे अंदाजाने शिम टाकली आणि चुकली तर सगळं परत प्रेसवर. त्यांच्याकडे सैल बसणारा एक डमी स्पिंडल आहे, त्यावर आधी शिम लावून मापतात, जमलं की मगच खरा स्पिंडल. शेवटी डावीकडे दीड थाऊ आणि उजवीकडे दोन. बाहेरून ग्रीस मारायला या बेअरिंगला निपल नाही, उघडल्याशिवाय ग्रीस पोचत नाही, म्हणून बहुतेक गाड्यांची बेअरिंग फॅक्टरीच्याच ग्रीसवर चालून चालून संपतात. माझ्या आत ग्रीस नव्हतंच, तपकिरी खडू झाला होता.

डिस्क पण याच्यातच येते. फॅक्टरीने मागची डिस्क स्पिंडलला रिव्हेटने जोडून मग दोन्ही एकत्र टर्न केलेली, त्यामुळे रिव्हेट उडवून नवी डिस्क नुसती अडकवली तर ती किंचित वाकडी फिरू शकते. आणि या गाडीच्या कॅलिपरमधे चार पिस्टन, त्यांचे सील असे की डिस्क हलली की पिस्टन आत-बाहेर करतात आणि हवा ओढतात, मग ब्रेक कितीही वेळा ब्लीड करा (हवा काढा) पेडल मऊच. त्यांनी डिस्क फिरवून फिरवून वेगवेगळ्या जागी लावून बघितली आणि तीन थाऊच्या आत आणली, कुठल्या जागी बसते त्याची खूण पण करून ठेवली. मी दोन वर्षं मऊ पेडलसाठी मास्टर सिलिंडरला दोष देत होतो.

बुशचं माझं ठरलं होतं की पॉलियुरेथेन टाकायचे, सगळे तेच टाकतात असं वाटत होतं. त्यांनी ट्रेलिंग आर्मला रबरच टाका म्हणून सांगितलं, कारण चाक वर-खाली होताना हाफ शाफ्ट त्याला थोडं आत-बाहेर पण ओढतो आणि पुढच्या बुशला तेवढं पिळ खाता आलं पाहिजे, कडक बुश तिथे अडतो. मला पटलं. पाटा, म्हणजे मागचा आडवा लीफ स्प्रिंग, नऊ पानांचा, तो मूळचाच ठेवला, पानं सुटी करून साफ केली आणि मधल्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या नव्या घातल्या. बाबांना व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवला तर एसटीचे पाटे आठवून पंधरा मिनिटं बोलत होते.

अलाइनमेंट शेवटी, आणि त्याचा क्रम बघण्यासारखा होता. आधी पाट्याच्या टोकाच्या लांब बोल्टवर मागची उंची दोन्हीकडे सारखी केली, कारण उंची बदलली की कॅम्बर बदलतो. मग स्ट्रट रॉडच्या आतल्या टोकाचा एक्सेंट्रिक बोल्ट फिरवून कॅम्बर उणे अर्धा डिग्री. मग टो, ट्रेलिंग आर्मच्या पुढच्या टोकाला आतल्या बाजूची शिम काढून बाहेर, बाहेरची काढून आत, परत रॅकवर मापायचं, परत काढायचं. दोन्ही चाकं मिळून एक षोडशांश इंच टो-इन (चाकं पुढे किंचित आत वळलेली) आणि तो डाव्या-उजव्याला सारखा वाटलेला, नाहीतर गाडी सरळ जाताना पण तिरकी चालते. शिम्स स्टेनलेसच्या, खाचवाल्या, त्यामुळे पुढच्या वेळी बोल्ट पूर्ण काढायची गरज नाही. पिव्होट बोल्ट शेवटचा टाइट केला तो गाडी स्वतःच्या वजनावर चाकांवर उभी असताना, हवेत लटकत असताना टाइट केला असता तर रबर कायम पिळलेलं राहून लवकर फाटतं.

आता जे आवडलं नाही ते. तीन आठवडे सांगितले होते, साडेपाच लागले आणि मधे दहा-बारा दिवस फोन नाही, मीच केला तेव्हा कळलं की योक यायचे राहिलेत. एवढं सांगायला एक मेसेज पुरला असता. हँडब्रेक पण घरी आल्यावर सैल लागला, शूज डिस्कच्या आतल्या ड्रममधे असतात, परत नेऊन अॅडजस्ट करून आणला, त्याचे पैसे घेतले नाहीत. एकूण बिल चार हजार डॉलरच्या थोडं वर, त्यात दोन्ही योक, चार यू-जॉइंट, बेअरिंग, डिस्क आणि अलाइनमेंट सगळं. स्वस्त नाही. पण प्रेस, डमी स्पिंडल आणि डायल गेज घरी नसेल तर बेअरिंग स्वतः करायला जाऊ नका असंच मी सांगेन, बाकी स्ट्रट रॉड, शॉक, पाटा ही कामं घरी होतात.

आणि गाडी? ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी डेट्रॉइटच्या वुडवर्ड रस्त्यावर ड्रीम क्रूझ, म्हणजे जुन्या गाड्यांचा मेळावा असतो, त्याच्या आधीच्या आठवड्यात हातात आली. पहिल्यांदा आय-७५ ला लावली, सत्तरवर लेन बदलली आणि मागची बाजू पुढच्या बरोबरच वळली, वेगळी अशी काही हालचालच नाही, मी मुद्दाम तीन-चारदा करून बघितलं. बायको शेजारी होती, तिला गाड्यांचं फारसं नाही पण तीच म्हणाली की आज गाडी वेगळी चालतेय. वुडवर्डवर संध्याकाळी पाच तास हळूहळू फिरलो, घरी येऊन चारही चाकांना हात लावून बघितला, कुठलाच हब गरम नाही.

५०० मैल झाले की परत बोलावलंय, नवं रबर बसलं की उंची किंचित बदलते म्हणून टो एकदा मापून बघणार आहेत, त्याचे पैसे बिलातच धरलेत. आत्ता ३१० झालेत. मापांचा कागद सीटमागच्या कप्प्यात ठेवलाय, कुणाला बघायचा असेल तर फोटो टाकतो.