यूएसबीडीव्ह्यू : दोष केबलचा, उपकरणाचा की ड्रायव्हरचा?

घरच्या संगणकाला जोडलेला प्रिंटर किंवा स्कॅनर अचानक प्रतिसाद देईनासा झाला की बहुतेक जण सर्वप्रथम त्याचा ड्रायव्हर, म्हणजे ते उपकरण विंडोजकडून चालवून घेणारे सॉफ्टवेअर, काढून पुन्हा टाकतात. दोष ड्रायव्हरमध्येच आहे का, हे मात्र कोणी तपासत नाही. निर सोफर यांच्या निरसॉफ्ट या संकेतस्थळावर विनामूल्य मिळणारे ‘यूएसबीडीव्ह्यू’ हे विंडोजसाठीचे छोटे साधन ही तपासणी सोपी करते, आणि म्हणूनच यूएसबीच्या तक्रारींसाठी मी ते सर्वात आधी उघडतो.

ते इन्स्टॉल करावे लागत नाही. झिप फाइल उघडून थेट चालवता येते. विंडोज ६४ बिटची असेल तर ६४ बिटचीच आवृत्ती घ्यावी आणि नोंदी काढून टाकायच्या असतील तर ती अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवावी. समोर एक लांबलचक तक्ता येतो. त्यात सध्या जोडलेल्या उपकरणांबरोबरच पूर्वी कधीतरी जोडलेल्या उपकरणांच्याही नोंदी असतात आणि जी उपकरणे आत्ता जोडलेली आहेत त्यांच्यापुढे हिरवी खूण दिसते. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे उपकरणांच्या तिच्या स्वतःच्या यादीत, जुन्या नोंदी पाहण्यासाठी लपवलेली उपकरणे दाखवण्याचा पर्याय मुद्दाम निवडावा लागतो. येथे त्या समोरच असतात.

या तक्त्यातील सर्वात मोलाचे रकाने म्हणजे व्हेंडर आयडी (उत्पादकाचा क्रमांक) आणि प्रॉडक्ट आयडी (उत्पादनाचा क्रमांक). उपकरण जोडताच ते संगणकाला हे दोन क्रमांक कळवते आणि मुख्यतः त्यांच्या आधारे विंडोज ड्रायव्हर शोधते. छंदिष्टांच्या इलेक्ट्रॉनिक प्रयोगांसाठीच्या स्वस्त आर्डुइनो बोर्डवर 1A86 आणि 7523 हे क्रमांक दिसले, तर त्यावर यूएसबीला सीरियल पोर्टचे रूप देणारी सीएच३४० ही चिप आहे आणि तिचाच ड्रायव्हर हवा, हे लगेच कळते. 0403 हा व्हेंडर आयडी अशाच चिप बनवणाऱ्या एफटीडीआय कंपनीचा, तर 067B प्रोलिफिक कंपनीचा. प्रोलिफिकच्या जुन्या पीएल२३०३ चिपांना नवे ड्रायव्हर दाद देत नाहीत आणि डिव्हाइस मॅनेजर ‘कोड १०’ (उपकरण सुरू होऊ शकत नाही) दाखवतो. ही चिप बसवलेली यूएसबी-सीरियल केबल चांगली असूनही असे होते, हे ठाऊक नसल्याने अनेक जण केबलच फेकून देतात.

याउलट, व्हेंडर आयडी 0000 आणि प्रॉडक्ट आयडी 0002 असे दिसत असेल आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘कोड ४३’ (उपकरणात बिघाड कळल्याने विंडोजने ते थांबवले) असेल, तर उपकरणाला आपली ओळखच सांगता आलेली नाही. ज्याची ओळख पटली नाही त्याचा ड्रायव्हर शोधत बसण्यात अर्थ नाही. अशा वेळी केबल बदलावी, हब (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारा डबा) वगळून उपकरण थेट संगणकाच्या पोर्टला लावून पाहावे आणि शक्य असल्यास दुसऱ्या संगणकावर तपासावे. उपकरण जोडूनही तक्त्यात काहीच बदलले नाही, तर केबल केवळ चार्जिंगची आहे का, हे आधी पाहावे. तशा केबलमध्ये माहिती वाहून नेणाऱ्या तारा नसतात. डिजिटल सहीचे टोकन (पेनड्राइव्हसारखे छोटे उपकरण) तक्त्यात नीट दिसते, पण ज्या संकेतस्थळावर सही करायची तेथे सापडत नाही, असेही होते. तेव्हा पोर्ट ठीक आहे असे धरून टोकनसोबतच्या सॉफ्टवेअरकडे वळावे.

एकच उपकरण यादीत अनेकदा दिसले तर गोंधळून जाऊ नये. ज्या उपकरणाला स्वतःचा सीरियल क्रमांक नसतो, ते प्रत्येक नव्या पोर्टला लावल्यावर विंडोज त्याची वेगळी नोंद करते. सीएच३४०चा बोर्ड काल कॉम ३ (विंडोजने सीरियल पोर्टला दिलेला क्रमांक) वर होता आणि आज कॉम ७ वर गेला, यामागे बहुधा हेच कारण असते. जुन्या नोंदी येथून एकेक करून काढता येतात. अर्धवट बसलेला ड्रायव्हर विंडोज पुन्हापुन्हा उचलत असेल तर या सोयीचा खरा उपयोग होतो.

पॉवरचा रकाना मात्र जपून वाचावा. त्यात उपकरणाने मागितलेला मिलिअँपिअरचा आकडा असतो. प्रत्यक्षात वाहणारा प्रवाह मोजलेला नसतो. यूएसबी २.० चे प्रमाण ५०० आणि ३.० चे ९०० मिलिअँपिअर आहे, त्यामुळे स्वतःचा अडॅप्टर नसलेल्या हबवर पोर्टेबल हार्ड डिस्क चालू-बंद होत असेल तर संशय कुठे घ्यावा, एवढा अंदाज येतो. वीज वाचवण्यासाठी विंडोज पोर्ट झोपवते, हा दोष येथे दिसत नाही. तो विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समधील यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड या सेटिंगमध्ये शोधावा लागतो.

हे साधन ड्रायव्हर शोधून देत नाही, आणि त्याने देऊ नये असेच माझे मत आहे. ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून किंवा उत्पादकाकडूनच घ्यावा. जाहिरातींतून येणाऱ्या ‘ड्रायव्हर अपडेटर’ प्रोग्रॅमपासून दूर राहावे. माझी खरी तक्रार वेगळी आहे. दाटीवाटीच्या तक्त्यात, वापरात असलेल्या कीबोर्डची किंवा हबची नोंदही तितक्याच सहजपणे काढता येते, आणि नवख्या माणसाला येथे अधिक ठळक इशारा हवा होता. म्हणून काहीही काढण्यापूर्वी सर्व ओळी निवडून तक्ता एचटीएमएल फाइलमध्ये जतन करावा. संगणक दुरुस्तीला द्यायची वेळ आली तर तीच फाइल तंत्रज्ञाच्या हाती द्यावी, म्हणजे त्याला पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करावी लागत नाही.