नोर्डलिंगन: तटावरून फिरण्याचं जर्मन गाव

बेळगावच्या किल्ल्याचा खंदक आणि तट पाहत वाढलेल्यांनी बव्हेरियातलं नोर्डलिंगन बघायलाच हवं. इथला तट 1327 पासून बांधत गेलेला, सुमारे 2.7 किलोमीटरचा, सलग आणि वर छप्पर असलेला. म्हणजे पावसातही पूर्ण फेरी होते, तीही फुकट. पाच वेशींपैकी कुठूनही चढा. मात्र काही जागी तुळया खाली आल्यात, उंच माणसानं डोकं सांभाळावं.

सेंट जॉर्ज चर्चचा ‘डॅनियल’ मनोरा 90 मीटर उंच, पायऱ्या 350. गुडघे दुखत असतील त्यांनी हट्ट करू नये. वरून तांबड्या कौलांचं गोल गाव दिसतं आणि पलीकडे उल्केच्या आघातानं झालेल्या विवराची कड. चर्चचा दगड त्याच आघातातला. त्यात हिरेही आहेत, पण डोळ्यांना न दिसण्याइतके बारीक.

म्युनिकहून आल्यास डोनाउव्योर्टला गाडी बदलावी लागू शकते. गल्ल्यांत दगडी फरसबंदी असल्यानं चाकांची मोठी बॅग अडते, पाठीवरची बरी. रविवारी बहुतेक दुकानं बंद. शाकाहारी मंडळींनी शनिवारीच ब्रेड, चीज, फळं घेऊन ठेवावीत. सोबत खानापूर-निपाणीकडची शेंगदाण्याची चटणी असली की जेवणाचं भागतं.