बचत गटाने मिळून घेतलेली बीपीची आणि शुगरची मशीन, वापरून पाहिल्यावर सांगते

वस्तीतली चार-पाच घरं मिळून घेणार असाल तर बीपीची मशीन डोळे झाकून घ्या, शुगरची मात्र आधी रक्ताचा थेंब लावायच्या पट्ट्यांचा हिशोब करा अन् मगच घ्या. आमच्या गटाने दोन्ही मशीन सगळ्यांचे पैसे काढून नागपुरातल्या गंजीपेठेतल्या संदेश दवा बाजारातून आणल्या अन् तेव्हापासून रामबागेतल्या आमच्या गल्लीत त्या या घरून त्या घरी फिरून राहिल्या. गटातल्या बहुतेक जणी स्वयंपाकाच्या नाहीतर धुण्याभांड्याच्या कामाला जातात, दवाखान्याच्या लाइनीत दिवस गेला की रोजी बुडते, आणि बीपी काही दुखतखुपत नाही, मग चेक करायला जातं कोण? २०२३ मध्ये आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेचा मोठा अभ्यास आला होता, त्यात देशात १० कोटींवर लोकांना शुगर अन् शंभरातल्या ३५ मोठ्या माणसांना बीपी निघाला होता. गल्लीत बसून मोजायला लागल्यावर तो आकडा मला काही वाढवून सांगितलेला वाटत नाही.

बीपीची मशीन दोन हजाराच्या आसपास पडली. दंडावर बांधायचीच घ्या, मनगटाची स्वस्त दिसते पण तिचा भरवसा कमी. दुकानात सगळ्यात आधी पट्ट्याचं माप विचारा, साधा पट्टा २२ ते ३२ सेंटीमीटर दंडासाठी असतो, जाड दंडावर तो घट्ट बसतो आणि बीपी उगाच जास्त दाखवतो. आम्ही २२ ते ४२ वाला घेतला म्हणून सगळ्यांना पुरतो. बायकांसाठी अजून एक, ब्लाऊजची बाही वर सरकवून पट्टा बांधू नका, ती गुंडाळलेली बाहीच दंड आवळते, त्यापेक्षा गाऊनवर बसा किंवा बाही काढून घ्या.

मोजायच्या आधी पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला टेकवलेला, लघवी करून आलेलं, आणि बोलायचं नाही. चहा पिऊन अर्धा तास झालेला पाहिजे आणि खर्रा खाऊनही, हे तर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, कारण आमच्याकडचे अर्धे माणसं तोंडात खर्रा धरूनच हात पुढे करतात आणि तंबाखूने बीपी वर जातोच. एका रीडिंगवर घाबरायचंही नाही अन् खुश पण नाही व्हायचं. सात दिवस सकाळ-संध्याकाळ दोन-दोनदा, मधे एक मिनिट थांबून मोजा, वहीत लिहा, पहिला दिवस सोडून बाकीच्याची सरासरी काढा. घरी १३५/८५ किंवा त्याच्या वर येत असेल तर वही घेऊन डॉक्टरकडे जा, दवाखान्यात १४०/९० ची रेघ असते पण घरी माणूस निवांत असतो म्हणून घरची रेघ खाली. १८०/१२० च्या वर आणि सोबत छातीत दुखणं, दम लागणं, तोंड वाकडं होणं असं काही असेल तर दुसऱ्यांदा मोजत बसू नका, सरळ १०८ ला फोन करा, ती गाडी फुकट येते.

आता शुगरची मशीन. मशीन स्वस्तच मिळते, खरा खर्च पट्टीचा, एक पट्टी पंधरा ते पंचवीस रुपयाला, आणि डबी उघडल्यावर किती दिवस चालते ते डबीवर लिहिलेलं असतं, तेच पाळायचं. आमच्या एका बाईला कुठल्यातरी दुकानाने मुदत संपत आलेली डबी दिली, तारीख बघितल्याशिवाय पैसे देऊच नका. नागपुरात त्याहून मोठी अडचण उन्हाची. डबीवर ३० डिग्रीच्या खाली ठेवा म्हणून लिहिलेलं आणि मे महिन्यात टिनाच्या खोलीत चाळीसच्या खाली कधी उतरतच नाही. फ्रीजमध्ये पण ठेवायची नाही, ओल धरते. आमच्या पट्ट्या गल्लीतल्या ज्या एका घरी स्लॅब आहे तिथे कपाटात खाली राहतात, झाकण लगेच घट्ट लावून.

कळमन्यात संत्र्याच्या मालावर काम करणारे आमचे भाऊजी संध्याकाळी आले, आल्या आल्या बोट पुढे केलं, रीडिंग २७०. वहिनी तिथेच रडायला लागल्या. मी म्हटलं भाऊजी थांबा, साबणाने हात धुवा, चांगले कोरडे करा, अन् दुसऱ्या बोटाचं घेतलं तर १२८. दिवसभर संत्री सोललेली, रस बोटाला चिकटलेला, त्याचीच साखर रक्ताच्या थेंबात मिसळली. नुसत्या स्पिरिटच्या बोळ्याने ती जात नाही, पाण्यानेच धुवावं लागतं. तशी चांगल्या मशीनलाही १५ टक्के इकडेतिकडे माफ असतं, म्हणजे लॅबमध्ये २०० असेल तर घरी १७० दिसेल नाहीतर २३०, म्हणून उपाशीपोटी १२६ किंवा त्याच्या वर आलं तर लॅबमध्ये पक्कं करून घ्या, स्वतःच गोळी सुरू करू नका.

सगळ्यात महत्त्वाचं, सुई एकाची दुसऱ्याला नाही म्हणजे नाही, आणि ते टोचायचं पेन पण वाटून वापरायचं नाही, सुई बदलली तरी. हिपॅटायटिस बी नावाची कावीळ त्यातून पसरते. गटासाठी एकदाच वापरायच्या बंद सुया घ्या अन् मशीन प्रत्येकानंतर पुसा. एवढं सांभाळणं होत नसेल तर शुगरची मशीन गटात घेऊच नका, मी मनापासून सांगून राहिली.

विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा पिढीजात आजार भरपूर आहे, तो असेल तर तीन महिन्यांची शुगर सांगणारी एचबीएवनसी टेस्ट चुकू शकते, आणि अंगात रक्त कमी असेल तर पट्टी शुगर जास्त दाखवू शकते. अशा घरच्यांनी डॉक्टरला आधीच सांगावं. मनगटी घड्याळ लावून न टोचता शुगर सांगतो म्हणणाऱ्या जाहिरातींवर एक रुपया घालवू नका, अमेरिकेत औषधं-मशीनवर नजर ठेवणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेने २०२४ मध्ये लोकांना त्याबद्दल सावध केलंय.

आणि मशीन घ्यायची ऐपतच नसेल तर वीस रुपयाचा शिंप्याचा टेप घ्या. बेंबीजवळ कंबर बाईची ८० आणि माणसाची ९० सेंटीमीटरच्या वर असेल तर धोका वाढलेला समजा. तिशीच्या वरच्यांसाठी आशाताई एक फॉर्म भरून घेतात, त्यात कंबर, तंबाखू, दारू, व्यायाम, घरात कोणाला बीपी-शुगर हे विचारतात, चारच्या वर गुण आले की तपासणीला आधी पाठवतात. आशाताई आली की तिला परत नका पाठवू, बसवा, फॉर्म भरा. तपासणीत निघालंच तर गोळ्या जनऔषधीत विचारा, बीपीच्या साध्या गोळ्या तिथे फार स्वस्त मिळतात.

बीपीच्या मशीनला पाचपैकी पाच, शुगरच्या मशीनला तीन. बिल आणि वॉरंटीच्या कार्डावर शिक्का दुकानातच मारून घ्या.